वाढीव खोलीसाठी गरम-थंड हवेचे नियोजन: जुन्या डक्टला फाटा काढावा की वेगळी सोय करावी?

उंबरठा (धागालेखिका)

घराच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर आम्ही एक खोली वाढवत आहोत. ती सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच असेल. तिच्या तीन भिंती उघड्यावर असतील, डोक्यावर थेट छप्पर असेल आणि पश्चिमेला सुमारे आठ चौरस मीटरची काच असेल. आईवडील तिथे राहणार आहेत, त्यामुळे ती हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड राहणे ही आमच्यासाठी हौसेची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

घरात सध्या तीन टनांचा, एकाच वेगाने चालणारा हीट पंप (हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा देणारे यंत्र) आहे आणि त्याची हवा छपराखालच्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, सगळ्या खोल्यांत जाते. कंत्राटदाराचे म्हणणे असे की मुख्य डक्टच्या शेवटी एक फाटा काढून नव्या खोलीत ग्रिल, म्हणजे हवेच्या तोंडाची जाळी, बसवले की काम झाले. माझे मन मात्र घेत नाही, कारण त्याच डक्टच्या टोकाला असलेल्या कोपऱ्यातल्या खोलीत आजही हवा जेमतेम येते, आणि जिथे आधीच कमी पडते आहे तिथेच आणखी एक तोंड जोडणे मला पटत नाही. जुने यंत्र पुरेल की नाही हे कशावरून ठरवावे, हवा कुठून सोडावी आणि कुठून परत घ्यावी, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

झरोका

तुमची शंका रास्त आहे. फाटा काढता येईल का, हा प्रश्न नंतरचा आहे. त्या खोलीला किती हवा लागेल, हे आधी ठरले पाहिजे. इतक्या चौरस फुटांना एक टन, असा जो ठोकताळा सर्रास वापरला जातो तो वाढीव खोलीच्या बाबतीत हमखास चुकतो. घराच्या मधल्या खोलीला एखादीच बाहेरची भिंत असते. तुमच्या खोलीला तीन भिंती, छप्पर, जमीन आणि मोठी काच आहे. क्षेत्रफळ तेवढेच असले तरी दोघींचा उष्णताभार एकसारखा नसतो. अमेरिकेतल्या वातानुकूलन व्यावसायिकांच्या संघटनेने यासाठी भार काढण्याची, यंत्र निवडण्याची आणि डक्टची मापे ठरवण्याची वेगवेगळी पुस्तके काढली आहेत, आणि ती याच क्रमाने वापरायची असतात. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो.

तुम्ही दिलेल्या मापांवरून ढोबळ हिशोब मांडतो. बाहेरच्या भिंती काच वगळून सुमारे ३० चौरस मीटर होतात. भिंतीतून दर चौरस मीटरला दर अंश फरकामागे ०.५ वॅट, साध्या दुहेरी काचेतून २.८ वॅट, छप्पर आणि जमीन यांतून प्रत्येकी ०.३ वॅट जातात असे धरू. हिवाळ्यात आत-बाहेर २० अंश सेल्सिअसचा फरक असेल तर भिंतींतून ३००, काचेतून सुमारे ४५०, छपरातून आणि जमिनीतून मिळून २९० आणि फटींतून येणाऱ्या हवेमुळे सुमारे २१० वॅट, म्हणजे एकूण साडेबाराशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाईल. हा आकडा घाबरण्यासारखा नाही.

खरी अडचण उन्हाळ्यातल्या संध्याकाळची आहे. पश्चिमेच्या उभ्या काचेवर तेव्हा दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन सहज पडते आणि साध्या दुहेरी काचेतून त्यातले सुमारे साठ टक्के आत येते. आठ चौरस मीटरमधून नुसत्या उन्हाचेच २,४०० वॅट झाले. भिंती, छप्पर, दोन माणसे आणि फटींची हवा यांचे ८०० वॅट धरले की बेरीज ३,२०० वॅटवर जाते.

आता यासाठी किती हवा लागेल ते काढू. सेकंदाला एक लिटर हवा एक अंशाने थंड करून सोडली तर ती सुमारे १.२ वॅट उष्णता उचलते. खोलीतल्या हवेपेक्षा ११ अंशांनी थंड हवा सोडायची असेल तर ३,२०० वॅटसाठी सेकंदाला सुमारे २४० लिटर हवा लागेल. थंडाव्याच्या एका टनामागे सेकंदाला साधारण १९० लिटर, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट, हवा धरतात. तुमच्या तीन टनांच्या यंत्राची सगळी हवा ५७० लिटर होते आणि ही एक खोली त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक मागते आहे. डक्टच्या शेपटाला जोडलेल्या एका फाट्यातून ती मिळणे शक्य नाही.

ओळंबा

मी बांधकामाच्या बाजूने लिहितो. झरोका यांच्या हिशोबातले सर्वांत मोठे २,४०० वॅट अजून कागदावर आहेत, भिंतीत बसलेले नाहीत, हे लक्षात घ्या. काच अजून मागवलेली नसेल तर यंत्राआधी काचेचा विचार करा. उष्णता परतवणारा लेप असलेली, साध्या काचेच्या निम्मेच ऊन आत सोडणारी काच घेतली तर उन्हाचा भार १,२०० वॅटवर येईल. काचेच्या बाहेरून सोडता येणारा पडदा किंवा उभ्या झडपा लावल्या आणि त्यांनी उरलेल्यातले तीन चतुर्थांश ऊन अडवले, तर ३०० वॅटच राहतील. हे आवरण बाहेरच्या अंगालाच हवे, कारण आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पश्चिमेला नुसता छज्जा काढूनही भागत नाही, कारण त्या वेळी सूर्य खाली उतरलेला असतो आणि किरणे छज्जाखालून सरळ आत शिरतात.

झरोका

ओळंबा यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. त्यांच्या सूचनेप्रमाणे हिशोब पुन्हा केला. केवळ काच बदलली तर उन्हाळ्याची गरज सेकंदाला सुमारे १५० लिटरवर येते आणि बाहेरून आवरणही लावले तर ती ८५ लिटरच्या आसपास राहते. चांगल्या काचेमुळे हिवाळ्याचा भारही सुमारे १,०५० वॅटवर उतरतो. हीट पंपाची हवा ग्रिलपाशी साधारण ३५ अंशांची असते, म्हणजे खोलीच्या २१ अंशांपेक्षा १४ अंशांनी गरम. त्या हिशोबाने हिवाळ्यालाही ६० ते ६५ लिटर पुरतात. उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची गरज इतकी जवळ येणे हे नियोजनाचे भाग्यच समजा, कारण एरवी एका ऋतूसाठी बसवलेला फाटा दुसऱ्या ऋतूत एकतर कमी पडतो किंवा अंगावर वारा सोडतो.

तरीही जुन्या डक्टमध्ये हे ८५ लिटर शिल्लक आहेत का, हे मोजल्याशिवाय कोणीही सांगू नये. दोन मोजमापे करून घ्या. पहिले तुम्हाला स्वतःला करता येईल. मोठी पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या, तिच्या तोंडाला तारेची चौकट लावा, ती पूर्ण फुगल्यावर किती लिटर होते ते आधी मोजून ठेवा, मग चपटी केलेली पिशवी ग्रिलवर धरून ती फुगायला किती सेकंद लागतात ते पाहा. पिशवीचे लिटर भागिले सेकंद, एवढाच हिशोब आहे. दुसरे मोजमाप तंत्रज्ञाकडून करून घ्या. यंत्राच्या पंख्यावर एकूण किती दाब येतो, तो आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक लिहून द्यायला सांगा. यंत्राच्या माहितीपट्टीवर कमाल दाब दिलेला असतो. घरगुती यंत्रांत तो पुष्कळदा १२५ पास्कल (दाबाचे एकक) असतो.

पारा

मला वाटते की आपण विषय जरा अवघड करत आहोत. नव्या फाट्यावर विजेवर चालणारा डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) बसवावा, खोलीत वेगळा थर्मोस्टॅट (तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणारे उपकरण) लावावा आणि जुने यंत्रच वापरावे. आमच्याकडे दोन मजल्यांसाठी अशी विभागणी केलेली आहे आणि ती अनेक वर्षे विनातक्रार चालते आहे.

झरोका

पारा, तुमच्याकडे ती चालते याचे कारण दोन्ही विभाग जवळजवळ सारख्या आकाराचे असावेत. इथे एक विभाग सगळे घर आहे आणि दुसरा एकच खोली. संध्याकाळी सहा वाजता जुने घर थंड झालेले आहे आणि फक्त या खोलीला हवा हवी आहे, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. यंत्र एकाच वेगाने चालते, म्हणून ५७० लिटरचा पंखा सुरू होतो आणि त्याच्यापुढे ८५ लिटरचे एकच तोंड उघडे असते. डक्टमधला दाब वाढतो, ग्रिल शिट्टी वाजवू लागते, कॉइलवरून (यंत्रातल्या हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून) पुरेशी हवा वाहत नाही आणि कॉइल गोठते. वाढलेला दाब सोडण्यासाठी बायपास, म्हणजे जास्तीची हवा यंत्राकडे परत नेणारी वाट, ठेवला तर थंड हवा फिरून पुन्हा कॉइलवरच येते आणि गोठण्याचा धोका वाढतो. यंत्र कमी क्षमतेवर उतरणारे असते तर मी तुमच्या बाजूने लिहिले असते.

डॅम्पर न लावता नुसता फाटा काढला तर थर्मोस्टॅट जुन्या घरात राहतो. सकाळी घर तापते तेव्हा नव्या खोलीला थंडाव्याची गरज नसते, पण हवा मिळत राहते. संध्याकाळी खोलीला गरज असते तेव्हा घर थंड झाल्यामुळे यंत्र बंद असते. ज्या खोलीची वेळच वेगळी आहे तिला दुसऱ्याच्या घड्याळावर बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळंबा

डक्ट कुठून नेणार हे छताचे काम झाकण्याआधी ठरवा, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे. आमच्या स्वतःच्या घरी वाढवलेल्या खोलीत पहिल्या उन्हाळ्यापासून हवा कमी येत होती. ज्यांनी काम केले ते दर वेळी गॅस भरण्याचा सल्ला देऊन जात. शेवटी मी स्वतः छताचा एक चौकोन कापून आत पाहिले. लवचीक डक्ट एका तुळईवरून ओढून नेलेला होता आणि वळणाच्या जागी तो इतका चेपला होता की तिथून माझी मूठही गेली नसती. पुढे दोन आधारांच्या मधे त्याला झोळीसारखा झोल पडला होता. दाबून, सैल सोडून बसवलेला लवचीक डक्ट ताणून सरळ बसवलेल्या डक्टपेक्षा कितीतरी पट अधिक अडथळा करतो. मी तो तुकडा काढून पत्र्याचा गोल डक्ट आणि मोठ्या त्रिज्येचे वळण बसवले. त्यानंतर यंत्राला हात न लावता खोली सुधारली.

मापाच्या बाबतीत कंजुषी करू नये. तेवढीच हवा १५० मिलिमीटरऐवजी २०० मिलिमीटरच्या गोल डक्टमधून नेली तर दर मीटरचा अडथळा सुमारे एक चतुर्थांश होतो. सांधे डक्टला लावायच्या लेपाने बंद करा. ज्या कापडी चिकटपट्टीला लोक डक्ट टेप म्हणतात ती यासाठी वापरू नका. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उष्णतेपुढे हीच पट्टी निकामी ठरली होती. डक्ट छपराखालच्या तापणाऱ्या पोकळीतून जात असेल तर इन्सुलेशन अखंड हवे. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो) सुमारे २४ अंशांवर असतो आणि डक्टमधली हवा १३ अंशांची असते. इन्सुलेशनला जिथे चीर पडेल तिथे पत्र्यावर पाणी जमणार आणि ते छतावर डागाच्या रूपाने खाली दिसणार.

झरोका

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी लिहितो, तो म्हणजे परतीची हवा. खोलीत जितकी हवा सोडाल तितकीच तिथून बाहेर पडली पाहिजे. रात्री दार लावले आणि परतीला वाट नसेल तर खोलीतला दाब वाढतो, ग्रिलमधून येणारी हवा कमी होते आणि उरलेली भिंतींच्या फटींतून बाहेर जाते. त्याच वेळी उरलेल्या घरात हवेची तूट पडते आणि ती भरून काढायला बाहेरची दमट किंवा गारठलेली हवा कुठूनतरी आत ओढली जाते. बंद खोली आणि बाकीचे घर यांच्यातला फरक तीन पास्कलच्या आत असावा, असे मानतात. त्या दाबाला ८० सेंटीमीटर रुंद दाराखालच्या एक सेंटीमीटरच्या फटीतून सेकंदाला जेमतेम ११ लिटर हवा जाते. ८५ लिटरसाठी दार खालून सुमारे आठ सेंटीमीटर कापावे लागेल, आणि असे दार कोणालाच नको असते. म्हणून एकतर खोलीतूनच परतीचा वेगळा डक्ट न्यावा, किंवा भिंतीत वर-खाली सरकवलेली दोन ग्रिले बसवून हवेला वाट द्यावी, म्हणजे आवाज आणि उजेड सरळ पलीकडे जात नाहीत. ग्रिलच्या पट्ट्या जागा खातात, तेव्हा मोकळे क्षेत्रफळ किती मिळते ते पाहून माप घ्यावे.

परतीचे ग्रिल नेमके कोणत्या भिंतीवर असावे यावर लोक फार वेळ घालवतात. त्याने तितका फरक पडत नाही. मेणबत्ती फुंकून विझते, पण तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून विझत नाही. ग्रिलपासून थोडे दूर गेले की ओढीचा जोर संपतो. सोडण्याच्या ग्रिलची जागा मात्र जपून ठरवावी. छताला लागून काचेच्या दिशेने हवा सोडली तर उन्हाळ्यात तापलेल्या काचेचा झोत आणि हिवाळ्यात गार काचेवरून खाली घसरणारी हवा, दोन्ही तिथल्या तिथे आवरले जातात. वडीलधाऱ्यांच्या पलंगावर हवेचा वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या वर जाऊ नये, कारण ३५ अंशांची हवाही वेगाने अंगावर आली तर गारच वाटते.

चिमणी

एक धोक्याची सूचना. घरात धुराड्याला जोडलेला गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल तर हा विषय केवळ आरामाचा राहत नाही. परतीची ओढ जास्त आणि पुरवठा कमी झाला की घरातला दाब खाली जातो, आणि धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. डक्टमध्ये कोणताही बदल केल्यावर सगळी दारे लावून, पंखे चालू ठेवून धुराड्याची ओढ तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपण्याच्या खोल्यांजवळ बसवा.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. मोजमापे करून घेतली, त्यांचे आकडे देते. कोपऱ्यातल्या खोलीत ७५ लिटरची पिशवी दार उघडे असताना चार सेकंदांत भरली, म्हणजे सुमारे १९ लिटर. दार लावल्यावर तिला साडेपाच सेकंद लागले, म्हणजे १४ लिटरसुद्धा नाहीत. मूळ आराखड्यात त्या खोलीला ४० लिटर लिहिलेले आहेत. दार लावून खालच्या फटीशी कागदी रुमालाची पट्टी धरली तर ती बाहेरच्या बाजूला ताठ आडवी उडत राहिली. ती पाहिल्यावर झरोका यांचे परतीबद्दलचे म्हणणे मला पूर्ण उमगले.

तंत्रज्ञाने पंख्यावरचा दाब १९० पास्कल मोजला, आणि आमच्या यंत्राच्या पट्टीवर १२५ लिहिलेले आहेत. त्यातले ७५ पास्कल एकट्या फिल्टरचे आहेत. फिल्टर स्वच्छच आहे, पण त्याची पेटी लहान आहे. म्हणजे जुनी व्यवस्था आजच दमलेली आहे. चिमणी यांच्यासाठी लिहिते की आमच्याकडे धुराड्याला जोडलेले काहीही नाही, तरी इशारा देणारे यंत्र आम्ही बसवू.

नव्या खोलीसाठी वेगळे लहान इन्व्हर्टर यंत्र (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे) घ्यावे या निर्णयापर्यंत आम्ही आलो आहोत. काच बदलून मागवली आहे आणि बाहेरून सोडायचा पडदाही आराखड्यात घेतला आहे. आता यंत्र निवडताना काय पाहावे, आणि जुन्या घराच्या फिल्टरचे काय करावे?

झरोका

निर्णय योग्य आहे. यंत्र निवडताना कमाल क्षमतेपेक्षा किमान क्षमतेकडे लक्ष द्या. तुमच्या खोलीचा भार एक ते सव्वा किलोवॅटचा आहे आणि बाजारात सहज मिळणारी सर्वांत लहान यंत्रे अडीच किलोवॅटच्या आसपासची असतात. ती किती खाली उतरू शकतात हे माहितीपत्रकात दिलेले असते. किमान आकडा एक किलोवॅटच्या आत असेल तर यंत्र संथपणे सलग चालेल आणि हवेतले पाणीही काढत राहील. तो जास्त असेल तर यंत्र थोडा वेळ चालून बंद पडेल, खोली गार होईल पण दमट राहील. दोनपैकी एक यंत्र निवडताना मोठे घेऊन ठेवू, असा मोह इथे टाळा.

भिंतीवरचे यंत्र चालेल, पण पलंगाची जागा पाहता खोलीच्या आतल्या बाजूला छत थोडे खाली घेऊन त्यात आडवे, डक्टचे यंत्र बसवावे असे मी सुचवेन. डक्ट दोन-तीन मीटरांचाच राहील, तोही इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला, आणि परतीची हवा त्याच खोलीतून घेतली जाईल, त्यामुळे दार लावले तरी काही बिघडणार नाही. अशा यंत्रांच्या पंख्याचा जोर फार नसतो, म्हणून डक्ट ऐसपैस ठेवा. फिल्टर आणि पाणी साठण्याचा ट्रे यांपर्यंत हात पोहोचेल असे झाकण ठेवा आणि पाण्याच्या नळीला सलग उतार द्या.

हे यंत्र खोलीतलीच हवा फिरवते, ताजी हवा आणत नाही, ती सोय वेगळी करावी लागते. अ‍ॅश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.२ या मानकातला हिशोब दर चौरस मीटरला ०.१५ लिटर आणि दर माणशी ३.५ लिटर असा आहे. तुमच्या २४ चौरस मीटरला आणि दोन माणसांना मिळून सेकंदाला सुमारे ११ लिटर होतात. आतबाहेरच्या हवेत उष्णतेची अदलाबदल करणारा लहान पंखा त्यासाठी पुरेसा आहे.

जुन्या घरासाठी फिल्टरची पेटी मोठी करा. जाळीचे क्षेत्रफळ दुप्पट झाले की हवेचा वेग निम्मा होतो आणि फिल्टरचा अडथळा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. तेवढ्याने कोपऱ्यातल्या खोलीची हवा थोडी वाढेल. तिथे भिंतीतली सरकवलेली ग्रिलेही बसवा. त्यानंतरच फाट्यांवरचे डॅम्पर जुळवा. ते मुख्य डक्टजवळ असावेत, ग्रिलपाशी नसावेत, नाहीतर आवाज थेट खोलीत येतो.

ओळंबा

छत झाकण्याच्या आदल्या दिवशी यंत्र चालवून पिशवीने प्रत्येक ग्रिलची हवा पुन्हा मोजा, आकडे आराखड्यावर लिहा आणि उघड्या डक्टची छायाचित्रे काढून ठेवा. आकडा जुळला नाही तर छत झाकू देऊ नका.

उंबरठा

छताचे काम पुढच्या टप्प्यात आहे. मोजमाप झाल्याशिवाय ते झाकायचे नाही, अशी अट कामाच्या करारात लिहून घेतली आहे. कोपऱ्यातल्या खोलीचे आणि नव्या खोलीचे आकडे हाती आले की इथेच लिहीन.